कमळीच्या नावाचं गाऱ्हाणं

कमळीचा फोटो पेपरात आला त्या दिवशी चिमाने चाळीस माणसांची काळ्या वाटाण्याची आमटी करपवली.

मुद्दाम नाही करपवली. पेपर आणला आप्पांच्या सुनेने, दिशाने. रत्नागिरीहून सकाळच्या एसटीने आलेला, शिंतोड्यांनी कडेला फुगलेला. तिने तो शाळेच्या पडवीत, चुलीपासून दोन हातांवर उलगडला आणि सगळ्या बायकांची डोकी त्यावर वाकली. चिमाही वाकली. फोटोत फुलांनी जांभळानिळा झालेला कातळाचा सडा होता, वर ढग होते, आणि मधोमध कमळा उभी होती, हात असा लांबवून, की जणू पहाटे उठून अंगणात रांगोळी घालावी तसा तो सगळा सडा तिनेच घातला होता. खाली छापलं होतं, ‘खारवलीच्या सड्याची लेक’.

लेक! चिमा मनातल्या मनात म्हणाली. पन्नाशीला टेकलेली बाई, दोन नातवांची आजी, आणि म्हणे लेक.

मग ती बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिली. वाटाणा बुडाला लागला तो तेव्हा.

“चिमावयनी, वास कसला येतोय गो?” कुणीतरी विचारलं.

“येऊ दे,” चिमा म्हणाली. “आज गावात बरंच काही जळतंय.”

बायका हसल्या. कमळा हसली नाही. तिने पेपराची घडी घातली, ओच्यात खोचली आणि फुलं बघायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन सड्याची पाखाडी चढू लागली. पाखाडीच्या पायऱ्या ओल्या होत्या, तरी ती मागे वळून न बघता चढत होती. चिमाला ते पाय दिसत राहिले, वळणापर्यंत.

खारवली आहे जयगडच्या खाडीच्या आतल्या अंगाला. खाली खाडी, मधे घरं, आणि घरांच्या डोक्यावर सडा. आठ महिने हा सडा म्हणजे नुसता काळा कातळ. वैशाखात त्यावर भाकरी टाकली तर भाजून निघेल असा तापलेला. पण श्रावण लागला की कातळाच्या खळग्याखळग्यांत बोटभर माती धरते, ओंजळभर पाणी साचतं, आणि त्या एवढ्याशा ओलीवर लाखो फुलं वर येतात. एकेक फूल मुगाच्या दाण्याएवढं. पण सगळी मिळून बघावीत, तर आभाळ खाली उतरून कातळावर पाठ टेकून पडलंय असं वाटावं. महिना-दीड महिना हे चालतं. मग पाणी आटतं, आणि सडा पुन्हा मुका होतो.

पूर्वी हे बघायला असायची गुरं आणि गुरांमागच्या पोरी. आता पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या येतात. गावाने मंडळ काढलं, आप्पांना अध्यक्ष केलं. आप्पांनी दापोली डेपोत तीस वर्षं कंडक्टरकी केली होती आणि ती त्यांच्या अंगातून अजून गेली नव्हती. “चाळिसाच्या वर एक माणूस चढायचा नाय. उभ्याने प्रवास बंद!” असं ते गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाला सांगत. एका रांगेत चालायचं, चुन्याची रेघ ओलांडायची नाही, फूल तोडायचं नाही. फोन घ्यायचं काम दिशाकडे. पोरांकडे गाड्या लावून घेण्याचं. बायकांकडे शाळेच्या पडवीतला स्वयंपाक, त्यात मोठी पळी चिमाच्या हातात. आणि सड्यावर वाट दाखवायची, फुलांची ओळख करून द्यायची, ते कमळाकडे. गाव तिला वाटाडी म्हणे.

आता ही वाटाडी कशी झाली, ते सांगायला हवं, कारण चिमाचं खरं दुखणं तिथं होतं.

चिमा आणि कमळा एकाच वाडीतल्या, एकाच आळीतल्या. आठ-नऊ वर्षांच्या होत्या तेव्हापासून दोघी सड्यावर गुरं राखत. चिमाची ढवळी, कमळाची चांदी. गुरं चरत आणि या दोघी पालथ्या पडून फुलांना नावं ठेवत. निळंजांभळं, खाली अणकुचीदार फूल, ती ‘नथ’. पांढरे गोल गेंद, ते ‘म्हातारीचे गुंडे’. तांबड्या केसांवर थेंब घेऊन उभं असलेलं, चिलटं खाणारं झाड, ती ‘हावरी’. आणि पिवळं धमक, दोन तांबडे ठिपके असलेलं फूल, त्याचं नाव ‘सवतीच्या टिकल्या’. एका कपाळावर दोघींचं कुंकू म्हणून. हे नाव कमळाने ठेवलं होतं. बाकीची कुणी कुठलं ठेवलं ते देवालाच ठाऊक. दोघींची डोकी तेव्हा एकमेकींना इतकी चिकटलेली असत की विचार कुठल्या डोक्यातून निघाला ते डोक्यांनाही कळत नसे. त्यांची एक ओवी होती.

सड्याच्या गं कातळाला निळ्या नथांचा बाजार,
एक नथ माझ्या नाकी, एक सखीला आहेर.

पहिली ओळ चिमाची. दुसरी कमळाची. दोघींची लग्नं गावातच झाली, आळी तेवढी बदलली.

तीन वर्षांपूर्वी दापोलीहून कॉलेजातली माणसं फुलांची मोजदाद करायला आली. सड्याची माहिती असलेलं कोण, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा चिमा मुंबईत होती. सून बाळंत झाली होती. पंधराच दिवस. परत आली तर कमळा सड्यावर पाहुण्यांच्या पुढे चालत होती, ‘नथ’ दाखवत होती, आणि ओवी म्हणत होती. दोन्ही ओळी.

कुणीतरी विचारलं, “ही नावं कुणी ठेवली?”

“मी,” कमळा म्हणाली होती.

चिमाने ते आपल्या कानांनी ऐकलं, पाखाडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून. ती तशीच खाली आली. त्यानंतर तीन श्रावण गेले, चिमाने सड्यावर पाऊल टाकलं नाही. कमळाशी बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर बरं झालं असतं. मीठ दे, कढीलिंब दे, एवढं बोलत राहिली. आणि प्रत्येक रविवारी दुपारी पाहुणे खाली उतरून पत्रावळीवर बसले की त्यांच्या तोंडून ऐकत राहिली. काय सांगतात त्या बाई! काय गोड गातात! आमटी वाढताना चिमा पळी पातेल्यावर आपटे. लोकांना वाटे, स्वभावच तसा.

पेपरातल्या फोटोच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला हे सगळं पुन्हा सांगू लागली. केरू शांत माणूस. त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, वास घेतला, आणि म्हणाला, “तीन वर्षं झाली, रोज मी ऐकतंय. मी काय करणार? भैरीला सांग जा. त्याच्याकडे सगळ्यांचं चालतं.”

तो थट्टेने म्हणाला. चिमाने ते तसं घेतलं नाही.

गावदेव भैरीला गाऱ्हाणं घालायचं, तर आपल्या तोंडाने नाही घालता येत. गुरवाने घालायचं. आपण आपलं म्हणणं गुरवाच्या कानात सांगायचं, तो ते देवाला समजेल अशा भाषेत, मोठ्याने, खणखणीत सांगतो, आणि आपण प्रत्येक म्हणण्याला “होय म्हाराजा” म्हणून पाठिंबा द्यायचा. गाऱ्हाणं एकदा पडलं की पडलं. घालणाऱ्याने स्वतः येऊन उतरवल्याशिवाय त्याच्या विरुद्ध कुणी जात नाही. खारवलीत तरी अजून कुणी गेलं नव्हतं.

चिमाने मंगळवारची दुपार निवडली. देवळात सप्ता बसायचा होता, मांडव अर्धा घातलेला, पण जेवणवेळ होती आणि सकाळपासून गावात लाईट नव्हती, माणूस नव्हतं. शिवा गुरव एकटाच समया पुसत बसला होता. चिमाने नारळ ठेवला, पाच पानांचा विडा ठेवला, आणि उभीच राहिली.

“बोल वयनी. कोण आजारी?”

“आजारी कोण नाय.”

“मग? पोरग्याची नोकरी?”

“शिवाभाऊजी, देवाला सांगा,” चिमा म्हणाली, “सांगा, की सड्यावर कमळी नको. मी हवी.”

शिवाच्या हातातलं फडकं थांबलं.

“अगो, असलं सांगतात का देवाला?”

“का नाय? त्याचाच सडा हाय ना?”

शिवाने डोकं खाजवलं. मग उठला, धोतर सावरलं, मूर्तीपुढे उभा राहिला. सकाळी मांडववाल्यांनी माईकचा दांडा तिथंच आणून ठेवला होता. तपासता तपासता लाईट गेली म्हणून सोडून गेले होते. दांड्याकडे बघायचं कारण शिवाला काय असणार? त्याने हात जोडले, छाती भरून घेतली.

“हे बा भैरी म्हाराजा! बारा वाड्यांच्या धन्या, खाडीच्या राखणदारा! आज ही केरूची अस्तुरी चिमा, नारळ-विडा घेऊन तुझ्या उंबऱ्यात उभी हाय म्हाराजा!”

“होय म्हाराजा,” चिमा पुटपुटली.

“हिच्या मनात काय हाय ते तू जाणतोस! आणखी काय वयनी?” हे शिवाने खालच्या आवाजात विचारलं.

चिमाच्या तोंडून मग ते आलं. तीन वर्षांचं. बांध फुटल्यावर आधी गाळ येतो, मग दगडधोंडे, तसं आलं. “सांगा, की नावं दोघींची होती, ती एकटीची म्हणते. सांगा, की ती बोलते गोड नि मी बोलते तुटक, म्हणून काय माझ्या डोळ्यांना फुलं दिसत नाहीत? सांगा, की तिचा फोटो बघून माझी आमटी करपली. सांगा, की मला झोप नाय. सांगा, की तिचे पाय मला बघवत नाहीत त्या पाखाडीवर.”

“हे सगळं सांगू?”

“सगळं.”

आणि शिवाने सांगितलं. त्याच्या वाडवडिलांनी नांगराची, लग्नाची, सापाची, साथीची गाऱ्हाणी ज्या चालीवर घातली होती त्याच चालीवर. “...आणि फुलांची नावं दोघींनी ठेवली म्हाराजा, ती एकीने गिळली म्हाराजा! फोटो पेपरात आला म्हाराजा, हिची आमटी करपली म्हाराजा!”

तेवढ्यात गाभाऱ्यातला दिवा भपकन लागला. लाईट आली.

“कमळीच्या पायांना सडा बंद कर, म्हाराजा!”

देऊळ दणाणलं. आवाज भिंतींतून आला, छपरातून आला, पिंपळातून आला, खाडीपलीकडच्या डोंगराला लागून परत आला. म्हाराजाऽ... जाऽ... चिमाच्या अंगावर काटा उभा राहिला. तिला वाटलं, देवाने ऐकलं. देवच बोलतोय. तिने डोळे मिटले, हात डोक्यावर नेले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, “होय म्हाराजाऽऽ!”

तिचा तो आवाज पिंपळावरच्या कर्ण्यातून वरच्या आळीत गेला, खालच्या आळीत गेला, मासे साफ करणाऱ्या बायकांच्या पडवीत गेला, झोपाळ्यावर पेंगणाऱ्या आप्पांच्या कानात गेला, आणि परसात वालाच्या वेलाला काठी लावणाऱ्या कमळापर्यंत गेला.

दिशा छत्री न घेताच धावत आली. “काकू! शिवाकाका! माईक! माईक चालू आहे!”

शिवाने दांड्याकडे पाहिलं. मग चिमाकडे. मग काही न सुचून त्याने माईकमध्येच विचारलं, “कधीपासून?”

आणि अख्ख्या खारवलीने ऐकलं, “कधीपासून?”

चिमा चार दिवस घराबाहेर पडली नाही. पडायची गरजही नव्हती. ज्यांना कुणाला तिला विचारायचं होतं ते दारावरून जाताना मोठ्याने आपापसांत विचारत होते. “आज आमटी काय म्हणते गो?” “म्हाराजालाच ठाऊक!” केरू एकदाच बोलला. “मी थट्टा केली होती,” म्हणाला, आणि खाडीवर निघून गेला.

चिमाला लाज वाटत होती का? वाटत होती. पण लाजेच्या खाली, चुलीतल्या राखेखाली निखारा असावा तसं दुसरंही काही होतं. निदान आता सगळ्यांना कळलं. निदान कमळीला कळलं.

शनिवारी सकाळी मंडळ बसलं आणि आप्पांनी चिमाला बोलावून घेतलं. शाळेच्या पडवीत सगळे होते. कमळाही होती, भिंतीला पाठ टेकून.

“उद्या चाळीस माणूस येतंय,” आप्पा म्हणाले. “आगाऊ सांगून येतंय. आता पंचाईत अशी, की वाटाडीवर गाऱ्हाणं पडलंय. देव म्हणजे आपला हायकोर्ट. स्टे आला तो आला. तो उठेपर्यंत कमळीला पाखाडी चढता येणार नाय. बरोबर का रे शिवा?”

“बरोबर,” शिवा म्हणाला. तो कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हता.

“मग चिमा, तू आत्ताच्या आत्ता देवळात चल नि गाऱ्हाणं उतरव, म्हणजे गाडी सुटेल.”

चिमा उठणार होती. खरंच उठणार होती. पण त्याआधी कमळा बोलली.

“कशाला उतरवते? तिने मागितलं, तिला मिळालं. आता जाऊ दे की तिला वर. मी भाकऱ्या भाजतंय.”

आवाज गोड होता. तोच, पाहुण्यांना आवडणारा. उपकार करते का ही? माझंच मला देते, तेही सगळ्यांसमोर, हसून?

“जातंय मी,” ती म्हणाली. “नाय उतरवत.”

कमळाने कोपऱ्यातली वाटाडीची काठी उचलली, चिमाच्या पुढ्यात ठेवली आणि चुलीकडे वळली.

रविवारी झिमझिम होती. चाळीस माणसं, रंगीत रेनकोट, दोन-तीन कडेवरची मुलं. चिमा पाखाडी चढली तेव्हा तीन वर्षांनी तिच्या तळव्यांना तो कातळ लागला, आणि तळव्यांनी तिच्याआधी ओळख दिली. वरच्या पायरीवर ती थांबली. सडा पसरला होता. नथांचं निळं, गेंदांचं पांढरं, मधे पिवळ्याची शिवण. वारा आला की सगळं एकदम मान हलवत होतं.

तिने काठीने समोर दाखवलं.

“हे...” ती म्हणाली. “हे फूल.”

“त्या दुसऱ्या ताई नाहीत का?” मागून एका माणसाने विचारलं. “पेपरातल्या? आम्ही त्यांच्यासाठी आलो होतो.”

“नाय आज.”

“अरेरे,” तो बायकोला म्हणाला. हळूच म्हणाला, पण सड्यावर हळू म्हटलेलंही दूरवर जातं.

चिमाने काठी घट्ट धरली. कमळा इथं हात लांबवून उभी राहते, तिने मनाशी म्हटलं. मग मी काय करू? आणि तिला आठवलं, आपण दोघी कधी उभ्या नव्हतोच इथं. ती चुन्याच्या रेघेशी गेली आणि खाली बसली. उकिडवी नाही, गुडघे टेकून, गाल कातळाजवळ नेऊन.

“बसा,” ती म्हणाली. “सगळी बसा. उभ्याने नुसता सडा दिसतो. फुलं बघायची तर खाली यायला लागतं.”

लोक घुटमळले. मग एक मुलगी बसली, मग तिची आई, मग तो अरेरे म्हणणारा माणूसही, पॅन्ट वर ओढत. चाळीस माणसं कातळावर गुडघे टेकून बसली आणि एकदम गप्प झाली. कारण त्यांना आता दिसत होतं, एकेक नथ वेगळी, प्रत्येकीच्या ओठावर वेगळा थेंब.

चिमा बोलू लागली. तुटकच बोलली, पण बोलली. हे असं. ते तसं. ही बघा हावरी. केसांवर मध आहे असं चिलटाला वाटतं, ते बसतं, मग उठत नाही.

“मग ती वाईट आहे का?” त्या मुलीने विचारलं.

“वाईट नाय गो.” चिमाने बोट कातळावर टेकवलं. “तिच्या वाट्याला मातीच नाय आली. कातळावर जगायचं तर कुठून तरी घ्यायला लागतं ना?”

एक कॉलेजातली पोर वहीत सगळं टिपून घेत होती. पेन्सिल ओली होत होती, तरी लिहीत होती. “सवतीच्या टिकल्या” ऐकल्यावर ती खुदकन हसली. “किती छान नाव! कुणी ठेवलं?”

कमळीने. नऊ वर्षांची होती, पुढचे दोन दात पडले होते, ‘सवती’ म्हणताना शीळ वाजायची. हे सगळं चिमाच्या डोळ्यांपुढे आलं, अगदी स्वच्छ.

“मी,” चिमा म्हणाली.

लोण्यासारखा निसटला तो शब्द. जिभेला ओझं झालं नाही. पोरीने वहीत काहीतरी लिहिलं, लोकांनी कौतुकाने मान हलवली, आणि चिमाला जाणवलं की हे किती सोपं आहे. एवढं सोपं असेल असं तीन वर्षांत तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कमळालाही कदाचित असंच... पण तो विचार तिने पुढे जाऊ दिला नाही. आज नाही, ती म्हणाली. आज माझा दिवस आहे.

खाली उतरताना तो अरेरेवाला माणूस मुद्दाम तिच्याजवळ आला. “मावशी, असा सडा आम्ही पाहिला नव्हता. मानलं तुम्हाला.”

चिमा पाखाडी तरंगत उतरली.

शाळेच्या पडवीत पत्रावळी मांडल्या होत्या. कमळा चुलीपुढे बसली होती, घामाने चेहरा चकचकीत, कपाळाला पिठाचा हात लागलेला. पाहुणे हात धुवायला गेले तेवढ्यात चिमा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा तिचा चेहरा बघायला.

“खाली बसवलंस म्हणे सगळ्यांना,” कमळा तव्याकडे बघत म्हणाली. पोरांनी आधीच बातमी पोचवली होती.

“हं.”

“मला नाय सुचलं कधी.” तिने भाकरी उलटली. जरा जोराने उलटली. “तीन वर्षं उभी करत होते लोकांना.”

तो आवाज गोड नव्हता. तो चिमाच्या ओळखीचा होता. तीन वर्षं रोज रात्री तिने तो आपल्याच तोंडून ऐकला होता. तिला इतकं बरं वाटलं की गुळाचा खडा जिभेवर ठेवल्यासारखं झालं.

“नि नावं?” कमळाने विचारलं. “कुणी विचारलं असेल ना, नावं कुणी ठेवली?”

चिमाने भाताचं भांडं पुढे ओढलं.

“काय सांगितलंस?”

“मी म्हटलं.”

“टिकल्यांचंसुद्धा?”

“हो. टिकल्यांचंसुद्धा.”

कमळाने भाकरी तव्यावरून काढली, निखाऱ्यावर ठेवली. भाकरी हळूहळू फुगली. “पयले दोन रविवार मी ‘आम्ही’ म्हणायची,” ती म्हणाली. “लोक विचारायचे, आम्ही म्हणजे कोण? मी मागे वळून बघायची. तू कुठं होतीस? तू मुंबईत. परत आलीस तरी वर नाय आलीस. खालून पळी आपटत बसलीस. मग कुणाकडे बोट दाखवू, चिमे? केरूकडे?”

चिमाला यावर बोलायचं होतं. तू बोलवायचंस, असं म्हणायचं होतं. पण तोवर पाहुणे पंगतीला बसले, आणि वाढायला कमळाच उठली. चिमा भाताचं भांडं घेऊन तिच्यामागे गेली.

पहिला घास घेतला त्या अरेरेवाल्यानेच. थांबला. बायकोकडे बघितलं. मग आमटीची वाटी पुढे केली, “आणखी घाला. अहो, काय केलंय हे! गेल्या वर्षी आम्ही इथंच जेवलो होतो, पण ही चव नव्हती.”

“हो ना,” बायको म्हणाली. “तेव्हा ठीकठाक होतं. हे कुणी केलंय?”

“मी,” कमळा म्हणाली.

पंगतभर वाट्या पुढे आल्या. वाटण कसं केलं, खोबरं भाजलं का, वाटाणा किती वेळ भिजवला, असं लोक विचारू लागले. ती वहीवाली पोर वही उघडून बसली. कमळा एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हाताने वाढत, सांगत होती, गोड गोड सांगत होती. आणि कुणी एकाने फोन काढून तिचा फोटो घेतला, पातेल्यासकट.

चिमाच्या हातातला भात गार झाला. तीन वर्षं! तीन वर्षं त्या चुलीपुढे तिने धूर खाल्ला. कुणी वाटी पुढे केली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, वाटण कसं करता. ठीकठाक! सड्यावर मिळालेलं सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक.

पंगत उठली. आप्पा गाड्यांना शिट्टी मारायला गेले. बायका पत्रावळी गोळा करू लागल्या. कमळा रिकामं पातेलं पालथं घालत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती.

“कमळे.”

“काय गो?”

“पुढल्या रविवारी तू जा वर. शिवाकडे जाऊन गाऱ्हाणं उतरवतंय मी.”

कमळाने मान वर केली. बराच वेळ तिने चिमाचा चेहरा न्याहाळला, खळग्यात काय उगवलंय ते लहानपणी न्याहाळायची तसा.

“मनापासून?”

“मनापासून नाय,” चिमा म्हणाली. “माझ्या चुलीवर तू बसलेली मला बघवत नाय.”

“आणि सड्यावरची बघवते?”

“तीपण नाय बघवत.”

“मग कर काय ते एक.”

“एक होत नाय, कमळे. चुलीवर मी, एवढं नक्की. वर तू जा, पण पुढल्या खेपेला आमटी उतरवून मी येणार मागून. नावं सांगशील तेव्हा मी ऐकत असेन. ‘मी’ म्हणालीस तर तिथंच बोंब ठोकीन, माईक नसला तरी.”

कमळाच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू तिने बाहेर येऊ दिलं नाही. “आणि टिकल्यांचं तू काय सांगितलंस, ते कोण निस्तरणार?”

“ते तू सांग त्या वहीवाल्या पोरीला. तिचा नंबर दिशाकडे असेल.”

“बरं.” कमळाने ओले हात पदराला पुसले. “आणि देवाला काय सांगशील? माझं मन बदललं म्हणून?”

“नाय. म्हणणार, मन तेच हाय, पण गाऱ्हाणं मागे घेतंय.”

“तसंच सांग,” कमळा म्हणाली. “खोटं बोलू नकोस त्याच्याशी. चल, मीपण येते. तुझ्याबरोबर ‘होय म्हाराजा’ म्हणायला कोण तरी लागेल.”